स्वस्तातले रिव्हॉल्व्हर निवडताना

अमेरिकेत रिव्हॉल्व्हर घ्यायचे मनात आले की बहुतेक जण थेट दुकानाच्या काचेपाशी जाऊन उभे राहतात. त्याआधी आपण आपल्या व्हिसाकडे एकदा नीट पाहावे. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा ठरावीक मुदतीच्या व्हिसावर असणाऱ्यांना शस्त्रच काय, एक काडतूससुद्धा जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी सांगितला जाणारा म्हणजे राज्याकडून रीतसर घेतलेला शिकारीचा परवाना. मित्राबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, गंमत म्हणून भाड्याचे पिस्तूल हातात घेणेही या बंदीत येऊ शकते. नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मात्र ती लागू नाही.

इथेच मायेपोटी एक चूक होते. भाचा एच-वन-बीवर, त्याला घेता येत नाही, म्हणून मामा स्वतःच्या नावावर घेऊन त्याला देतो. हा दोघांच्याही दृष्टीने गंभीर गुन्हा आहे, आणि भाच्याच्या ग्रीन कार्डाची वाटही त्यात अडू शकते. असे करू नका.

खरेदीच्या वेळी परवानाधारक दुकानदार आपल्याकडून ‘फॉर्म ४४७३’ भरून घेतो आणि आपली पार्श्वभूमी तपासली जाते. हँडगनसाठी वयाची अट सर्वसाधारणपणे २१ वर्षांची. अर्जातले खोटे उत्तर हाच वेगळा गुन्हा ठरतो. गांजाबद्दलच्या प्रश्नापाशी अनेक जण अडखळतात. आपल्या राज्यात तो कायदेशीर असला, तरी केंद्रीय कायदा तसे मानत नाही.

घरात शस्त्र ठेवणे आणि ते अंगावर बाळगून बाहेर पडणे या दोन गोष्टींचे नियमही वेगळे, आणि ते राज्याप्रमाणे बदलतात. टेक्सासमध्ये २०२१पासून पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. न्यू जर्सीत खरेदीसाठी एक परवाना, बाळगण्यासाठी दुसरा, आणि इतर राज्यांचे परवाने तिथे चालतच नाहीत. कॅलिफोर्नियात तर दुकानात कोणती मॉडेले विकायची याचीही सरकारी यादी आहे. डॅलसहून एडिसनला बहिणीकडे गाडीने निघालात, तर वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम आधी वाचावा लागतो.

एवढे झाले की मग रिव्हॉल्व्हरकडे वळू.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या नळकांड्यात, सिलिंडरमध्ये, बसतात. आपण चाप ओढला की सिलिंडर एक घर फिरतो, मागचा घोडा मागे जातो, सुटतो आणि काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर आघात होतो. पिस्तुलासारखी वरची स्लाइड मागे खेचावी लागत नाही, त्यामुळे सांधे दुखणाऱ्या किंवा बोटांत जोर नसलेल्या माणसाला ते भरता येते. एखादे काडतूस उडाले नाही, तर पुन्हा चाप ओढायचा. पुढचे घर समोर येते.

म्हणून दुकानदार नवशिक्याला, आणि विशेषतः बाईमाणसाला, छोटे रिव्हॉल्व्हर पुढे करतात. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. ते समजायला सोपे आहे, चालवायला नाही. नळी जेमतेम दोन इंचांची, नेम धरायच्या खुणा बारीक, चाप ओढायला सुमारे पाच किलोचा जोर, आणि आत गोळ्या फक्त पाच किंवा सहा. सात यार्डांवर कागदी लक्ष्याच्या मध्याभोवती पाच गोळ्या बसवायला सराव लागतो. तेवढा वेळ देणार नसाल, तर छोट्या रिव्हॉल्व्हरवर पैसे घालू नका.

आता गोळीचा आकार. या वर्गात ‘पॉइंट थर्टी-एट स्पेशल’ हेच काडतूस धरून चालावे. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे आणि सगळीकडे मिळते. ‘थ्री फिफ्टी-सेव्हन मॅग्नम’ हे १९३५च्या सुमाराचे त्याचे मोठे भावंड. लांबीला थोडे जास्त आणि बरेच जोरकस. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये थर्टी-एट चालते, उलटे चालत नाही. लांब काडतूस छोट्या घरात पूर्ण शिरतच नाही. अर्ध्या किलोच्या आतल्या रिव्हॉल्व्हरमधून मॅग्नम झाडली, तर मनगटाला बसणाऱ्या धक्क्याने दुसरी गोळी झाडायची इच्छाच उरत नाही. मॅग्नमसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात या वापरापुरता तरी अर्थ दिसत नाही.

पाकिटावर ‘+पी’ असा शिक्का दिसेल. ही जास्त दाबाची काडतुसे. आपल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर किंवा माहितीपुस्तिकेत तशी परवानगी लिहिलेली असेल तरच ती वापरावीत. जुन्या हलक्या रिव्हॉल्व्हरांत तर मुळीच नकोत.

वजनापाशी बहुतेक खरेदी फसते. दुकानात हातात घेतल्यावर हलके रिव्हॉल्व्हर हवेहवेसे वाटते. पण वजन कमी म्हणजे धक्का जास्त, धक्का जास्त म्हणजे सराव कमी. अॅल्युमिनियमच्या चौकटीचे रिव्हॉल्व्हर चारशे ग्रॅमच्या आसपास भरते. तेच पोलादी असले तर सहाशेच्या वर जाते. खिशात न्यायचे असेल तर हलके हवे, हे खरे. कमरेला लावणार असाल तर पोलादी घ्या; पट्ट्यावर तो फरक फारसा जाणवत नाही, हाताला मात्र खूप जाणवतो.

कमी पैशांत मिळणाऱ्यांत टॉरसचे ८५६ हे नाव आधी घ्यावे लागते. कंपनी मूळची ब्राझीलची. तिचा अमेरिकेतला कारखाना २०१९मध्ये मायामीहून जॉर्जियातल्या बेनब्रिजला गेला. हे सहा गोळ्यांचे, आणि किंमत साधारण ३००-४०० डॉलर. पोलादी चौकटीतले घेतले तर सरावाला बरे पडते. फिलिपिन्सच्या आर्मस्कोर कंपनीचे रॉक आयलंड एम-२०६ हेही सहा गोळ्यांचे, पोलादी आणि स्वस्त, पण ओबडधोबड. चार्टर आर्म्सचे अंडरकव्हर १९६४पासून चालत आले आहे. ते पाच गोळ्यांचे.

थोडे अधिक पैसे असतील तर स्मिथ अँड वेसनचे ६४२ किंवा रूगरचे एलसीआर पाहा. स्मिथचा हा ‘जे’ आकाराचा सांगाडा १९५०चा आहे. ६४२मध्ये घोडा पूर्ण झाकलेला असतो, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. एलसीआर २००९मध्ये आले. त्याची मुठीकडची चौकट प्लास्टिकसारख्या पॉलिमरची आहे, आणि चाप मुळातच इतका मऊ चालतो की त्यावर काही कारागिरी करायची गरज पडत नाही. ही दोन्ही वापरलेली घेतली तर नव्या टॉरसच्या किमतीच्या जवळपास मिळू शकतात. लोक ती हौसेने घेतात, धक्का सोसवत नाही, मग पन्नासेक गोळ्यांनंतर विकून टाकतात. मला विचाराल तर असे कमी वापरलेले एलसीआर हा सगळ्यांत शहाणा सौदा. अट एकच, तपासता आले पाहिजे.

तपासणी काउंटरवरच करायची. आधी दुकानदाराला सिलिंडर उघडून रिकामा दाखवायला सांगा, मग स्वतः पाहा, बोटाने घरे चाचपा. नळी कायम माणसे नसलेल्या दिशेला. चाप ओढून पाहू का, असे विचारून घ्या. न विचारता रिकामा चाप ओढणे दुकानात असभ्य समजतात.

पहिली परीक्षा ताळमेळाची. बोट सिलिंडरवर अगदी हलके टेकवून चाप संथपणे ओढा. घोडा सुटण्याच्या आधी सिलिंडर आपल्या जागी ‘टक्’ करून अडकला पाहिजे. प्रत्येक घरासाठी हे करा, पाच घरे तर पाच वेळा. एकही घर आळशीपणे मागे राहत असेल, तर घर आणि नळी एका रेषेत नसतानाच गोळी सुटेल, आणि तिचे शिसे बाजूला खरवडून बाहेर उडेल. असे रिव्हॉल्व्हर तिथेच परत ठेवा, किंमत कितीही पाडून दिली तरी.

मग चाप मागे दाबून ठेवूनच सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून पाहा. किंचित हालचाल चालते. पुढे-मागे मात्र तो जवळजवळ हलू नये. उजेडासमोर धरून सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट पाहा. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरची रेघ असावी. स्पार्क प्लगची फट मोजायच्या पातळ पट्ट्या, फीलर गेज, गॅरेजमध्ये असतील तर घेऊन जा. दुकानदाराची हरकत नसते. पाव मिलिमीटरच्या वर फट असेल तर यंत्र झिजलेले आहे.

नळीचे मागचे तोंड, जिथे गोळी सिलिंडरमधून उडी मारून आत शिरते, तिथे तडा किंवा खाचा नाहीत ना ते विजेरीने बघा. अॅल्युमिनियमच्या चौकटीत नळी पिळून बसवलेली असते. त्या जागेच्या खालच्या बाजूला केसासारखी भेग पडू शकते, आणि ती तेलाखाली लपते, म्हणून फडक्याने पुसून पाहा. सिलिंडर उघडून फिरवा. मधली दांडी डुगडुगत असेल तर ती वाकली आहे. शेवटी स्क्रूंची डोकी पाहा. ती खरचटलेली असतील, तर आधीच्या मालकाने घरच्या स्क्रूड्रायव्हरने आत उद्योग केले आहेत असे समजा.

नवे घेतले तरी यातले बरेचसे करावेच. स्वस्त रिव्हॉल्व्हरच्या दर्जात नगानगाला फरक असतो. काचेतली दोन-तीन काढायला सांगा आणि त्यांतले सर्वांत चांगले निवडा.

घरी आणल्यावर लगेच सुटे भाग मागवू नका. आधी आहे तसेच रेंजवर न्या आणि दोनेकशे गोळ्या, एका दिवसात नव्हे, सावकाश झाडा. दोष असेल तर तो याच काळात बाहेर पडतो, आणि आपण आत काहीच बदललेले नसल्यामुळे कंपनी तो विनातक्रार दुरुस्त करून देते. कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवेच. आखूड नळीचा आवाज बंद जागेत भयंकर होतो. परतल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, मगच लेकराला उचला. शिशाची भुकटी दिसत नाही, पण असते.

आता आपल्या हाताजोगे बदल. पहिला बदल मुठीचा, आणि बहुतेकांना तोच पुरतो. कारखान्याची आखूड मूठ खिशासाठी बनवलेली असते. करंगळी खाली लोंबत राहते, आणि धक्क्याबरोबर रिव्हॉल्व्हर हातात फिरते. पॅकमायर किंवा होग यांची रबराची थोडी लांब मूठ बसवली की तीन बोटे पक्की बसतात. एकच स्क्रू असतो, दहा मिनिटांचे काम. रबर सदऱ्याला चिकटून तो वर ओढते आणि शस्त्राचा उंचवटा दिसू लागतो. कमरेला लावणार असाल तर गुळगुळीत लाकडाची मूठ बरी. विकत घेण्यापूर्वी सिलिंडर उघडून पाहा की काडतुसे आत टाकताना मुठीची डावी बाजू आड येत नाही.

दुसरा बदल समोरच्या खुणेचा. नेम धरताना जी समोरच्या टोकाची खूण पाहायची, ती या रिव्हॉल्व्हरांत काळी किंवा चंदेरी असते आणि संध्याकाळी दिसत नाही. एलसीआरची खूण खिळीवर बसवलेली असते, ती काढून चमकणारी बसवता येते. ६४२ची खूण नळीच्याच धातूतून कोरलेली आहे, बदलता येत नाही. त्यावर उपाय नेलपॉलिशचा. आधी स्पिरिटने तेल पुसा, पांढऱ्याचा एक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग वर भडक नारिंगी. पांढरा थर चुकवला तर नारिंगी मळकट दिसतो.

तिसऱ्या बदलापाशी थांबावे असे माझे मत आहे. तो म्हणजे हलक्या स्प्रिंगांचा संच. दहा-वीस डॉलरांत मिळतो, बसवायची चित्रफीत सापडते, आणि चाप खरोखर हलका होतो. पण घोड्यामागची मोठी स्प्रिंगच टोपीवर आघात करायचा जोर पुरवते. ती हलकी केली की काही काडतुसांच्या टोप्या फुटत नाहीत. सरावाच्या पाकिटातल्या फुटतात, आणि नेमक्या बाळगायच्या पाकिटातल्या फुटत नाहीत. चापामागची छोटी स्प्रिंग हलकी केली तर चाप घाईत पूर्ण पुढे येत नाही आणि पुढचे घर चुकते. चाप मऊ करायचा दुसरा मार्ग फुकट आहे: आत खोटी काडतुसे, स्नॅप कॅप, घालून तो रोज ओढत राहणे. यंत्र घासून गुळगुळीत होते आणि बोटालाही वळण लागते. खोलीत खरे काडतूस एकही नसावे, आणि नळी अशा भिंतीकडे की जिच्यापलीकडे कुणी नाही.

घोड्याची वरची टोच कापून टाकायचा सल्लाही मिळेल. ती कपड्यात अडकते हे खरे आहे. पण ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराचे. घरी कानशीने घासू नका. त्यापेक्षा झाकलेल्या घोड्याचेच मॉडेल घेणे स्वस्त पडते.

वाचलेले पैसे होल्स्टरवर घाला. तीनशे डॉलरच्या रिव्हॉल्व्हरला दहा डॉलरचे सुळसुळीत कापडी म्यान, हे मी फार पाहिले आहे. होल्स्टरने तीन गोष्टी कराव्यात: चाप पूर्ण झाकणे, शस्त्र जागेवर धरून ठेवणे, आणि रिकामे झाले तरी तोंड उघडे ठेवणे. खिशात नेत असाल तरी खिशाचे होल्स्टर हवेच, आणि त्या खिशात दुसरे काहीही नको. किल्ली, रुमाल, च्युइंगगम काही नाही. कमरेसाठी जाड, न वाकणारा पट्टा घ्या. साध्या पट्ट्यावर वजन बाहेर झुकते आणि दिवसभर हात तिकडे जात राहतो, जे चारचौघांच्या लगेच लक्षात येते.

बाळगायच्या काडतुसांत हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी १४८ ग्रेनचे वॉडकटर पुष्कळ जण पसंत करतात. ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप. १४८ ग्रेन म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या वर. ही सपाट तोंडाची गोळी मंद आणि अचूक असते, धक्का कमी. कोणतेही काडतूस निवडलेत तरी एक चाचणी करा. सिलिंडर भरून, शेवटचे सोडून बाकीची झाडा, मग ते शेवटचे काढून पाहा. हलक्या रिव्हॉल्व्हरच्या झटक्याने त्यातली गोळी पुढे सरकलेली असेल, तर ते काडतूस आपल्या रिव्हॉल्व्हरला योग्य नाही. पुढे आलेले टोक सिलिंडर अडवते.

पुन्हा भरण्यासाठी गोल स्पीडलोडर मिळतात, पण खिशात ते फुगतात. रबराची चपटी पट्टी, स्पीड स्ट्रिप, बाळगायला सोयीची. रिकामी टरफले काढताना नवशिका हमखास अडकतो. आखूड नळीखालची दांडीही आखूड असते, ती हळू दाबली तर टरफले अर्धवट बाहेर येऊन अडकतात. नळी आकाशाकडे करून तळव्याने एकच जोरदार दणका द्यावा, पिचकारीचा दट्ट्या मारावा तसा.

साफसफाईत नळीपेक्षा एक छोटी जागा महत्त्वाची आहे: टरफले उचलणाऱ्या चांदणीच्या खालची. तिथे न जळलेल्या दारूचे दोन-चार कण साचले तरी सिलिंडर बंद व्हायला घट्ट जातो. जुना टूथब्रश पुरतो. उन्हाळ्यात घामाने काळ्या पोलादाला आठवड्यात गंज धरतो, त्यामुळे तेलाचे फडके रोज फिरवा. खिशात नेत असाल तर कापसाची लव दर थोड्या दिवसांनी झटका.

अंगावर नसेल तेव्हा ते कुलूपबंद तिजोरीतच. बिछान्याखाली, कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा गाडीच्या कप्प्यात नाही. मुले कपाट शोधतात, हे मूल असलेल्या कुणाला सांगायला नको. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील, तर त्यांनाही तिजोरीचा आकडा देऊ नका. पर्यटक व्हिसावर त्यांनाही शस्त्र बाळगायला मनाई आहे. घरात कुणी खचलेले, निराश असेल, तर त्या काळापुरते शस्त्र घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची सोय पाहा. अनेक दुकाने आणि रेंज अशी सोय करतात.

रेंजला नेण्याची पिशवी कायमची वेगळी करा. लॅपटॉपच्या किंवा व्यायामशाळेच्या बॅगेतून काडतुसे नेली, की एखादे अस्तराच्या शिवणीत जाऊन बसते. अमेरिकेतल्या विमानतळावर ते सापडले तर दंडावर भागू शकते. मुंबईत उतरल्यावर किंवा परतताना सापडले, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो आणि विमान निघून जाते. भारतात जाणाऱ्या बॅगेत या पिशवीतली एकही वस्तू जाऊ देऊ नका, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका.